तोलकाशेजारची खुर्ची

तारापेठ तंत्रशास्त्र महाविद्यालयाच्या वेळापत्रकात ‘परिपथ व अंकीय प्रणाली : प्रात्यक्षिक’ हा तास २०६१ सालीही छापला जात होता. सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, खोली क्रमांक चौदा. प्रात्यक्षिकाच्या वेळी प्रयोगशाळेत शिक्षक प्रत्यक्ष हजर हवा, असा विद्यापीठाचा नियम होता. विद्यार्थी हजर हवेत असं मात्र त्यात कुठे म्हटलेलं नव्हतं. नियम करणाऱ्यांना ते लिहायची गरज वाटली नसावी.

विद्यार्थी घरी बसून आभासी प्रयोगशाळेत प्रयोग करत. तिथला हजार ओहमचा रोध, म्हणजे रेझिस्टर, बरोब्बर हजार ओहमचा असे, तार कधी सैल नसे आणि काही जळलंच तर वास येत नसे. नऊ वर्षांपूर्वी ही सोय झाली आणि दोन सत्रांत चौदा नंबरची बाकं रिकामी पडली. प्रा. मंदाकिनी केळुसकर तेवढ्या उरल्या. रोज कुलूप काढायचं, टेबलांवरची धूळ पुसायची, मीटरच्या बॅटऱ्या तपासायच्या आणि हजेरीपटावर ‘उपस्थित : शून्य’ लिहून सही करायची. पंचावन्न वर्षांच्या मॅडम घरीही एकट्याच राहत. एकदा लॅबमधल्या स्टुलाला पाय लागला तेव्हा त्या चटकन ‘सॉरी’ म्हणाल्या. त्या दिवसातला तो त्यांचा पहिला शब्द होता, आणि स्वतःचा आवाज ऐकून आपल्याला बरं वाटलं हे लक्षात आल्यावर त्यांना फार वाईट वाटलं.

खोलीत त्यांच्याखेरीज चालू असलेली वस्तू एकच. त्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, टेबलावर उघडीच ठेवलेली नखाएवढी चिप. तिला सगळे ‘तोलक’ म्हणत. दिवसा तारापेठ शहराची वीज ही चिप सांभाळत असे.

त्याची सुरुवात अगदी साधी होती. जर्नलमधला प्रयोग क्रमांक अकरा : परिपथ उत्क्रांती. नवघडण चिप नावाची एक चिप मिळते. तिच्यात चार हजार तर्कपेशी असतात आणि कोणती पेशी कोणत्या पेशीला जोडायची हे हवं तितक्या वेळा बदलता येतं. या प्रयोगात परिपथाचा आराखडा माणसाने करायचाच नसतो. संगणक आंधळेपणाने शंभर जोडण्या करतो, प्रत्येकीला काम देऊन बघतो, त्यातल्या बऱ्या दहा ठेवतो आणि त्यांची सरमिसळ करून पुढची शंभरांची पिढी काढतो. मॅडमनी काम दिलं होतं शहराच्या विजेचा तोल राखायचं. छपरांवरच्या सौरपट्ट्यांवर ढग आला की वीज क्षणात घसरते, ढग सरला की उसळते. अशा वेळी कोणत्या साठवणघटाने वीज द्यायची आणि कोणी घ्यायची, हे सेकंदाच्या शंभराव्या भागात ठरवावं लागतं.

प्रयोग बघायला कोणी आलं नाही. मॅडमनी तो बंदही केला नाही, कारण खोलीत काहीतरी चालू आहे याची त्यांना सोबत वाटे. सात वर्षांत दोन लाख पिढ्या झाल्या. मग त्यांचा जुना विद्यार्थी आणि आताचा नगर वीजनियंत्रण प्रमुख डॉ. निरंजन वाघोलीकर सहज भेटायला आला. त्याने आलेख पाहिले आणि चहा तसाच ठेवला. कोणत्याही यंत्रणेला जमलं नव्हतं ते ही चिप करत होती.

निरंजनने तीच जोडणी दुसऱ्या चिपमध्ये उतरवली, तर ती चालली नाही. मूळ चिप पोलादी पेटीत ठेवली, तर तीही अडखळू लागली. तपासणीत आणखी एक विचित्र गोष्ट दिसली : चिपमधल्या साठएक पेशी कशालाच जोडलेल्या नव्हत्या, आणि तरी त्या काढल्या की सगळं कोलमडायचं. असं का, याचा शोध घ्यायला वेळ कोणाला होता? चिप त्याच टेबलावर उघडी ठेवून शहराला जोडली गेली आणि वर्षभरात कोळशावरचा जुना संच मोडीतही निघाला. रात्री ऊन नसतं आणि रविवारी कारखाने बंद असतात, तेव्हा साधी नियंत्रणपेटी पुरे. बाकीचा भार तोलकावर होता.

अशी दोन वर्षं गेली. ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सव्वाअकराला चौदा नंबरच्या दारावर टकटक झाली.

“येऊ का मॅडम?”

“कार्यालय खाली आहे,” मॅडम म्हणाल्या.

“कार्यालयात नाही जायचं. माझं प्रात्यक्षिक आहे आज.”

दारातल्या बाईचं नाव शाहीन तांबोळी. वय एकतीस. वीज उपकेंद्रात तंत्रज्ञ, संध्याकाळच्या पाळीला. पदविकेवर तिला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला होता.

“घरून करता येतं सगळं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?”

“सांगितलं की. पण मला हातानं करायचंय,” शाहीन म्हणाली. “आमच्या उपकेंद्रातल्या महादूदादांनी गेल्या वर्षी बंद लाइनला हात लावला. दोन्हीकडनं सोडवलेली लाइन, कशालाच जोडलेली नाही. पण शेजारनं चालू लाइन जाती, तिच्यामुळं हिच्यात वीज आली. उजवा हात गेला त्यांचा. तीच जोडणी मी आभासी लॅबमध्ये करून बघितली, तर तिथं शून्य व्होल्ट दाखवतंय. मग जे तिथं दिसत नाही, ते शिकायचं कुठं मॅडम?”

मॅडमनी तिला आत बोलावलं. त्यांनी हजेरीपट उघडला, ‘उपस्थित : एक’ लिहिलं आणि तेवढ्यासाठी त्यांना दोनदा चष्मा पुसावा लागला. मग त्यांनी पहिला प्रयोग मांडला. हजार ओहमचा रोध मीटरवर नऊशे सत्त्याऐंशी दिसला तेव्हा शाहीन म्हणाली, “चुकलं का माझं?” मॅडम म्हणाल्या, “नाही गं. हेच बरोबर आहे.” नऊ वर्षांत इतकं चांगलं वाक्य त्या बोलल्या नव्हत्या.

अकरा चाळीसला पंखा थांबला. सगळ्या तारापेठची वीज गेली होती.

गुरुवारी शाहीन आली आणि वीस मिनिटांत तेच झालं. शनिवारी पुन्हा. दर वेळी अर्धं शहर तोडून साध्या नियंत्रणपेटीवर तासभर कसंबसं काम चालवावं लागलं.

रविवारी निरंजन चौदा नंबरमध्ये आला. शाहीनलाही बोलावलं होतं, कारण उपकेंद्राच्या नोंदी तिच्याकडे होत्या.

“दोन वर्षांत शहराची वीज दिवसा एकोणीस वेळा गेली आहे,” निरंजन म्हणाला. “आम्ही ढगांना दोष देत होतो. पण तीन वेळा तर आकाश स्वच्छ होतं.”

“तारखा वाच,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी आपला रजेचा कागद आणि हजेरीपट पुढे ओढला.

तो वाचत गेला आणि त्या शोधत गेल्या. जानेवारीतले सलग चार दिवस, तेव्हा त्यांना ताप होता. जूनमधला एक दिवस, तेव्हा तपासणी समिती आली होती. मग पंखा दुरुस्त करणारा आला तो दिवस, प्राचार्य जयंतीचं निमंत्रण द्यायला येऊन अर्धा तास बसले तो दिवस. असेच आणखी नऊ दिवस. आणि शेवटचे तीन शाहीनचे. एकोणिसांपैकी एकही तारीख सुटली नाही.

“हे त्या बंद लाइनसारखं आहे,” शाहीन हळूच म्हणाली. “जोडलेलं नाही, पण शेजारी आहे.”

निरंजनने तारखांचा कागद बाजूला ठेवला. मग खुर्चीत मागे टेकून तो सावकाश बोलू लागला. “माणसाचं शरीर म्हणजे खारं पाणी. ते थोडा विद्युत्भार धरून ठेवतं, आसपासच्या तारांमधली थरथर उचलतं आणि परत सोडतं. परिणाम अगदी बारीक असतो. आपण आराखडा करतो तेव्हा असले बारीक परिणाम मुद्दाम बाद करतो. उत्क्रांतीला बाद करणं माहीत नाही. जे हाताशी असेल ते ती वापरते. त्या न जोडलेल्या साठ पेशी...”

“मला ऐकतात,” मॅडम म्हणाल्या.

“तुमच्यावर टेकून उभ्या आहेत म्हणा.”

मॅडमनी कपाटातून प्रयोग क्रमांक अकराचं जर्नल काढलं. त्यांच्याच अक्षरात साहित्याची यादी होती : चिप, संगणक, वीजपुरवठा, मीटर, तारा, तापमापक. खोलीतली आर्द्रतासुद्धा रोज नोंदलेली होती. पन्नास वर्षं सगळ्या महाविद्यालयांत जर्नल असंच लिहीत आले आहेत आणि प्रयोग करणाऱ्याचं नाव साहित्यात कोणी घालत नाही.

सोमवारी त्यांनी रीतसर चाचणी घेतली, शहराला आधी सूचना देऊन. खोली रिकामी ठेवली, तोलक आठ मिनिटांत कोसळला. तेवढी मिनिटं त्याला सवय होती, कारण मॅडम कधी बाहेर गेल्या तर तेवढ्यातच परत येत. खुर्चीत निरंजन बसला, तरी तेच. शाहीन बसली, तरी तेच. मॅडम आणि शाहीन दोघी बसल्या, तर वीस मिनिटं. मॅडम एकट्या बसल्या तेव्हा शहराचा आलेख टेबलासारखा सपाट झाला.

“म्हणजे मी इथे हवी,” मॅडम म्हणाल्या. “आणि दुसरं कोणी नको.”

निरंजनला त्यांच्याकडे बघवेना. “गेल्या आठवड्यात जिल्हा रुग्णालयात डायलिसिसवरचे दोन पेशंट अत्यवस्थ झाले, मॅडम. नाहीतर मी असं कधी...”

“तू कशाला वाईट वाटून घेतोस? सात वर्षं इथे कोणी फिरकलं नाही, त्याने तेच बरोबर धरलं. त्याला जे दिसलं ते तो शिकला.”

शाहीन चिपजवळ वाकून बघत होती. ती म्हणाली, “मग दुसरा तोलक शिकवायचा. या वेळी लोकांत. येणारे-जाणारे, जाडे, बारीक, आज दहा, उद्या चाळीस. रोज माणसं बदलली तर कोणा एकावर टेकायची त्याला सोयच राहणार नाही.”

कल्पना इतकी सरळ होती की निरंजनला हसू आलं. नवी चिप वेगवान होती, पाच वर्षं पुरली असती. जागेचा प्रश्न निघाला तेव्हा तो म्हणाला, “वसतिगृहाच्या मागची इमारत रिकामी आहे. तिथे करू.”

“पंधरा नंबरमध्ये करा,” मॅडम म्हणाल्या.

“अगदी भिंतीला लागून?”

“भिंत दीड फुटांची आहे. माणसाचा परिणाम पलीकडे जातो का ते मोजून घ्या, जात असेल तर नका करू. पण जात नसेल तर तिथेच करा, निरंजन. मला निदान मुलांचे आवाज तरी येतील. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.”

त्यांनी मोजलं. परिणाम भिंतीपलीकडे जात नव्हता.

नव्या तोलकासाठी माणसं हवी होती, म्हणून प्रत्यक्ष प्रात्यक्षिक पुन्हा सक्तीचं झालं. शिक्षणासाठी जे नऊ वर्षांत झालं नाही ते चिपसाठी महिन्यात झालं. पंधरा नंबरच्या जर्नलमध्ये साहित्याच्या यादीत निरंजनने या वेळी आठवणीने लिहिलं : ‘विद्यार्थी, दहा ते चाळीस, बदलते.’

पुढची पाच वर्षं केळुसकर मॅडमनी एकही रजा घेतली नाही. घेता येण्यासारखी नव्हतीच. सकाळी नऊला त्या चौदा नंबरमध्ये शिरत आणि पाचला बाहेर पडत, तोवर पलीकडची मुलं बस गाठायला गेलेली असत. चौदामध्ये फोन किंवा दुसरं कुठलंही नवं यंत्र न्यायला बंदी होती. पण जर्नलला बंदी नव्हती. शाहीन मुलांची जर्नलं गोळा करून दाराखालून आत सरकवी. मॅडम ती लाल शाईने तपासत. ‘मीटरचं वाचन दशांशात द्या.’ ‘हे वाचन तुम्ही घेतलेलं नाही, शेजाऱ्याचं आहे. तुमचं चुकलेलं चालेल.’ ‘रोध गरम झाला तेव्हा बोटाला कसं वाटलं ते लिहा.’ मुलंही मग खालच्या कोऱ्या जागेत काहीबाही विचारू लागली. मॅडम, धारित्र (कपॅसिटर) उलटं जोडलं तर? मॅडम, तुम्ही डब्यात काय आणता? त्यांनी दोन्हींची उत्तरं लिहिली.

चेहरे माहीत नव्हते. अक्षरं माहीत होती, आणि भिंतीतून येणारी हसणी. कोणाच्या हातून धारित्र फुटलं की आधी फट्‌ असा आवाज येई, मग क्षणभर शांतता आणि मग सगळ्यांचं हसू. अशा वेळी मॅडमही चौदामध्ये एकट्या हसत, आणि हसून झाल्यावर त्यांना पूर्वीपेक्षा जास्त एकटं वाटे. पूर्वी पलीकडे कोणी नव्हतं. आता सगळे होते आणि मध्ये भिंत होती.

शाहीन दोन-चारदा रविवारी घरी आली. मग तिला मुलगी झाली, पदवी मिळाली, पंधरा नंबरमध्ये शिक्षिकेची नोकरी मिळाली आणि तिचे रविवार भरून गेले. मॅडमना त्याचा आनंदच झाला. थोडं दुःखही झालं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

मार्च २०६६ मध्ये नव्या तोलकाने शहराची वीज हाती घेतली. महिनाभर त्याची परीक्षा चालली. पंधरा नंबर भरलेली असताना तो चालला, निम्मी असताना चालला, सुट्टीत पूर्ण रिकामी असतानाही चालला. एकदाही चूक नाही. या महिन्यात जुना तोलक राखीव म्हणून चालू ठेवला होता आणि मॅडमही राखीव म्हणून खुर्चीत बसून होत्या.

एप्रिलच्या पाच तारखेला, सकाळी अकराला निरंजन चौदा नंबरच्या दारात उभा राहिला. “मॅडम, या आता बाहेर,” तो म्हणाला.

मॅडमनी पर्स घेतली, केस सारखे केले आणि त्या पंधरा नंबरमध्ये गेल्या. एकेचाळीस माणसं उठून उभी राहिली. त्या दारातच थांबल्या. इतके चेहरे एकदम बघायची सवय सुटली होती.

“बसा, बसा,” त्या म्हणाल्या. “आधी मला सांगा, सातचा आकडा इंग्रजीतल्या एकासारखा काढणारा कोण?”

मागच्या टेबलावरच्या एका उंच मुलीने हात वर केला. सगळे हसले. भिंतीतून येणारं तेच हसू आता चहूबाजूंनी आलं. शाहीनने स्टूल पुढे केलं आणि मॅडम मुलांच्या मधोमध बसल्या. कोणाचं अक्षर कोणतं हे त्या एकेकाला विचारत गेल्या, आणि ओळखलेलं बरोबर निघालं की लहान मुलीसारख्या खूश होत गेल्या. एका मुलाने धीर करून विचारलं, “मॅडम, आता रोज याल ना?”

“रोज येईन,” मॅडम म्हणाल्या. “कंटाळा येईपर्यंत येईन.”

तेवढ्यात पंख्याचा वेग कमी झाला. पाती दिसू लागली, मग थांबली. खिडकीबाहेर रस्त्यावरचा सिग्नल विझला होता. मॅडमना बाहेर पडून आठ मिनिटं झाली होती.

निरंजन फोनवर ओरडून सूचना देऊ लागला. शाहीन नव्या तोलकाकडे धावली. चिप ठणठणीत होती, मीटर बरोबर होते, खोलीतली माणसं रोजच्यासारखीच होती. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. बॅटरीवर चालणाऱ्या पडद्यावर त्यांनी वीजपुरवठ्याच्या आलेखाची शेवटची आठ मिनिटं एकदा नीट पाहिली.

“शाहीन, या दोन्ही खोल्यांचा सप्लाय एकाच वाहिनीवरून येतो ना?”

“हो, मॅडम.” आणि मग तिचा चेहरा उतरला. तिला सगळं कळलं होतं.

“मी उठले की जुना तोलक डगमगतो,” मॅडम निरंजनला म्हणाल्या. “तो डगमगला की वाहिनीवर थोडी थरथर येते. मी बसलेली असले की ती नसते. हा नवा पाच वर्षं त्याच वाहिनीवर वाढला. खोलीतली माणसं बदलत होती, म्हणून त्यांच्यावर तो टेकला नाही. न बदलणारं एकच माणूस होतं.”

“तुम्ही भिंतीपलीकडे होतात.”

“भिंतीतून तार जाते.”

निरंजन खाली बसला. “जुना आत्ताच्या आत्ता बंद करून टाकू.”

“मग वाहिनीवर जुन्याची थरथरही नाही आणि त्याचा स्थिर ठेकाही नाही. अशी वाहिनी या नव्याने कधी पाहिलेलीच नाही. करून बघ.”

त्यांनी करून पाहिलं. नवा तोलक तीन वेळा चालू केला आणि तीनही वेळा तो मिनिटभरात कोसळला.

“पुन्हा शिकवू,” निरंजन म्हणाला. “शहराच्या दुसऱ्या टोकाला. पाच वर्षं लागतील, पण या वेळी तुमच्यापासून लांब.”

“शहर तोलायला शिकवायचं तर त्याला शहराला जोडावं लागेल,” मॅडम म्हणाल्या. “आणि तोवर शहराची वीज कोण सरळ ठेवणार? मीच, तिथे बसून. कुठेही शिकव त्याला, निरंजन. त्याच्या प्रत्येक तारेत मी असणार आहे.”

शाहीन रडत होती. “पंधरा नंबरच हवी असं मी मागितलं,” मॅडम तिला म्हणाल्या, “पण दुसरीकडे असती तरी हेच झालं असतं गं. उशिरा कळलं असतं एवढंच.” हे सांगताना त्यांचाही बांध फुटला. मुलांसमोर, स्टुलावर बसून, त्या मनसोक्त रडल्या. ही आठ मिनिटं त्यांना इतकी आवडली होती की ती मिळालीच नसती तर बरं, असंही त्यांना म्हणवेना.

मग कोणीतरी म्हणालं की जिल्हा रुग्णालयातून फोन येतोय. मॅडमनी तोंड पुसलं आणि त्या उठल्या.

“धारित्रांचा प्रयोग अर्धा राहिलाय,” त्या मुलांना म्हणाल्या. “पूर्ण करा. जर्नलं चारपर्यंत दाराखालून द्या.”

चौदा नंबरमध्ये त्यांनी दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसल्या. निरंजनने पलीकडून दोन्ही तोलक चालू केले. मिनिट गेलं, दुसरं गेलं. खिडकीबाहेरचा सिग्नल लागला आणि डोक्यावरचा पंखा हळूहळू फिरू लागला. वीज परत आली की सगळी माणसं न ठरवता ओरडतात, तसा भिंतीपलीकडे चाळीस गळ्यांचा आनंदाचा एकच गलका उठला. तो ओसरेपर्यंत मॅडम भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिल्या.